किरणोपचारापूर्वीची तपासणी : फिल्म काय सांगते?

मुखेड तालुक्यातून एका सूनबाईंचे पत्र आले आहे. सासऱ्यांचे वय ७१, आजार स्वरयंत्राचा कर्करोग. लातूरला शेक द्यायचे ठरले. चेहऱ्याचा मास्क तयार झाला, सीटी स्कॅन झाला, आठवड्याभराने ‘प्लॅन तयार आहे’ असा निरोपही आला. मंडळी सामान बांधून लातूरला नातेवाइकांकडे येऊन राहिली आणि तेथे कळले की, पहिले सत्र आणखी दोन दिवसांनी आहे. त्या विचारतात, ‘प्लॅन तयार आहे, मशीन चालू आहे, मग हे दोन दिवस कशासाठी? चौकशी केली तर “क्यूए बाकी आहे” एवढेच उत्तर मिळाले. ओळखीचे एक गृहस्थ म्हणतात, जरा जोर लावा, लगेच सुरू करतील. जोर लावावा का?’

जोर लावू नये. क्यूए म्हणजे क्वालिटी ॲश्युरन्स, अर्थात गुणवत्तेची खातरजमा. त्या दोन दिवसांत आपल्या रुग्णाचा उपचार त्याच मशीनवर, त्याच कोनांतून, त्याच मात्रेने एकदा पुरता देऊन पाहिला जातो. फरक इतकाच की, टेबलावर रुग्ण नसतो. त्याच्या जागी प्लास्टिकच्या जाड पाट्यांचा ठोकळा असतो आणि त्या पाट्यांच्या मध्ये बहुधा एक पातळ फिल्म ठेवलेली असते. ती फिल्म काय सांगते, हे समजले की दोन दिवसांची वाट पाहणे तितकेसे जड जात नाही.

आपल्या भागात किरणोपचाराला ‘शेक देणे’ किंवा ‘लाइट देणे’ म्हणतात. शब्द सोयीचे आहेत. पण शेक म्हटले की थोडा कमी, थोडा जास्त, इकडे तिकडे झाला तरी चालेल, असा समज होतो. प्रत्यक्षात हे मोजून द्यायचे औषध आहे. त्याचे माप ग्रे या एककात असते. घसा-तोंडाच्या कर्करोगात साधारणतः एकूण ६६ ते ७० ग्रे, रोज २ ग्रे, आठवड्यातून पाच दिवस, असे साडेसहा-सात आठवडे द्यावे लागतात. गाठीपासून काही सेंटिमीटरवर मज्जारज्जू असतो. त्याला मात्र सगळे मिळून ४५ ते ५० ग्रेच्या आतच ठेवावे लागते. दोन्ही बाजूंच्या लाळग्रंथींना तर याहून पुष्कळ कमी मिळावे, अशी धडपड असते. कारण त्या सुकल्या की तोंड जन्मभर कोरडे राहते आणि भाकरीचा तुकडा पाण्याच्या घोटाबरोबर गिळावा लागतो. मात्रा कमी पडली तर आजार उलटण्याची भीती, जास्त झाली तर निरोगी अवयवांचे नुकसान. म्हणून प्रत्यक्ष मिळणारी मात्रा ठरवलेल्या मात्रेच्या पाच टक्क्यांच्या आत असावी, हा दंडक जगभर मानला जातो.

ज्या वाचकांनी वीस-तीस वर्षांपूर्वी घरातील कोणाला शेक देताना पाहिले असेल, त्यांना हा सगळा खटाटोप नवा वाटेल. तेव्हा नांदेडची माणसे देवगिरी किंवा नंदिग्राम एक्स्प्रेसने मुंबईला जात, परळच्या टाटा रुग्णालयात नाव घालत आणि दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत महिना-दीड महिना काढत. लातूर-धाराशिवकडच्या अनेकांना बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय जवळचे. ग्रामीण भागातील कर्करोगाची नोंदवही भारतात प्रथम तेथेच, १९८७ मध्ये, सुरू झाली. पुढे छत्रपती संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय झाले. लातुरात १९६६ मध्ये डॉ. अशोकराव कुकडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्या विवेकानंद रुग्णालयाची मुहूर्तमेढ रोवली, त्या संस्थेनेही कर्करोग रुग्णालय उभारले. धर्मशाळेतील मुक्कामाच्या जागी घरून जाऊन-येऊन उपचार घेणे आता पुष्कळांना शक्य झाले आहे.

त्या काळी बहुतेक ठिकाणी कोबाल्टचे यंत्र असे. अंगावर जांभळ्या शाईने चौकोन आखला जाई आणि त्या चौकोनावर किरणे सोडली जात. पद्धत सरळ होती, म्हणून तपासणीही सरळ होती. कोबाल्टची शक्ती सव्वापाच वर्षांत निम्मी होते. त्यामुळे जुन्या होत चाललेल्या यंत्रावर सत्राची मिनिटे वाढवावी लागत. पूर्वी दोन मिनिटे लागायची, आता चार का लागतात, असा प्रश्न तेव्हाच्या नातेवाइकांना पडत असे. आजही कोबाल्टचे यंत्र वाईट नाही. भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेले ‘भाभाट्रॉन’ अनेक ठिकाणी चांगले काम करीत आहे. परंतु मज्जारज्जू आणि लाळग्रंथी वाचवायच्या तर चौकोन पुरत नाही. किरणांना गाठीचा आकार द्यावा लागतो. नव्या लिनॅक यंत्राच्या तोंडाशी टंगस्टन धातूच्या पातळ पट्ट्या समोरासमोर बसवलेल्या असतात, अनेक यंत्रांत साठ-साठ. उपचार चालू असताना या पट्ट्या संगणकाच्या हुकमाने पुढे-मागे सरकतात आणि क्षणोक्षणी किरणांचा आकार बदलतात. यांतील एखादी पट्टी दोन-तीन मिलिमीटर मागे राहिली, तर रुग्णाला काही जाणवत नाही, टेक्निशियनला बाहेरून काही दिसत नाही. किरणांना रंग नाही, वास नाही, चटका नाही. ते दिसावेत म्हणून फिल्म.

पूर्वीची फिल्म छातीच्या एक्स-रेसारखीच असे. त्यात चांदीचे क्षार असत. अंधारखोलीत रसायनांत धुऊन ती काढावी लागे, आणि रसायनाचे तापमान थोडे बदलले तरी फिल्मचा काळेपणा बदले. रुग्णालयांतील एक्स-रे संगणकावर आले, अंधारखोल्या बंद पडल्या आणि त्या फिल्मही मागे पडल्या. त्यांची जागा रेडिओक्रोमिक फिल्मने घेतली. बाजारातील तिचे परिचित नाव गॅफक्रोमिक. हिच्यात दोन प्लास्टिकच्या पापुद्र्यांमध्ये एका सेंद्रिय पदार्थाचे अतिसूक्ष्म स्फटिक पसरलेले असतात. किरणे लागली की त्या स्फटिकांतील रेणू एकमेकांना साखळीसारखे जोडले जातात आणि निळा रंग तयार होतो. फिल्ममध्ये पिवळा रंग आधीच मिसळलेला असल्याने डोळ्यांना ती पिवळसर-हिरवटाकडून गडद हिरव्याकडे जाताना दिसते. जितकी किरणे जास्त, तितका रंग गडद. धुणे नाही, अंधारखोली नाही. साध्या दिव्याच्या उजेडात हाताळता येते, हव्या त्या आकारात कात्रीने कापता येते. फक्त उन्हात ठेवायची नाही आणि बोटांचे ठसे उमटू द्यायचे नाहीत. शिवाय किरणांच्या दृष्टीने ती पुष्कळशी शरीराच्या ऊतींसारखीच वागते, त्यामुळे ठोकळ्यात ठेवली तरी मोजमापात ढवळाढवळ करीत नाही.

गडद झालेल्या फिल्मवरून मात्रा कशी समजते? त्याच खोक्यातील फिल्मच्या काही पट्ट्यांवर आधी ठरावीक मात्रा सोडतात : एकीवर काहीच नाही, दुसरीवर अर्धा ग्रे, मग एक, दोन, तीन असे वाढवत. कोणत्या मात्रेला किती गडदपणा, याची ओळख त्यावरून तयार होते. मग रुग्णाच्या प्लॅनची फिल्म कागदपत्रे स्कॅन करतात तशाच सपाट काचेच्या स्कॅनरवर ठेवून तिचा प्रत्येक ठिपका वाचतात. घाई येथेही चालत नाही. किरणे लागल्यानंतर फिल्मचा रंग काही तास थोडाथोडा गडद होतच राहतो. म्हणून ती ठरलेल्या वेळेनंतर, बऱ्याच ठिकाणी दुसऱ्या दिवशी, वाचतात. ‘दोन दिवस कशासाठी’ या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथेच मिळते. उरलेले अर्धे असे की, दिवसभर मशीनवर रुग्ण चालू असतात. ही तपासणी सायंकाळी, शेवटचा रुग्ण गेल्यानंतरच करता येते. ती करणारा मेडिकल फिजिसिस्ट, म्हणजे वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ, नातेवाइकांच्या सहसा दृष्टीसही पडत नाही.

पुढचा भाग शेतकरी वाचकांना पटकन कळेल. सरकारी मोजणीच्या वेळी एका बाजूला कागदावरचा नकाशा असतो आणि दुसऱ्या बाजूला शेतातला प्रत्यक्ष बांध. दोन्ही तंतोतंत कधीच जुळत नाहीत. एखाद्या हाताचा फरक कोणी मनावर घेत नाही, पण बांध दहा पावले सरकला तर भांडण उभे राहते. येथे संगणकाने काढलेला मात्रेचा आराखडा हा नकाशा आणि फिल्म ही प्रत्यक्ष जमीन. प्रत्येक ठिपक्यावर पाहतात की मात्रेतील फरक तीन टक्क्यांच्या आत आहे का. तो नसला तर दोन मिलिमीटरच्या आत अपेक्षित मात्रा सापडते का. दोन्ही गोष्टी एकत्र धरून प्रत्येक ठिपका पास की नापास हे ठरते. अमेरिकन वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार निदान ९५ टक्के ठिपके पास व्हावेत. ९० टक्क्यांच्या खाली आले तर कारण शोधल्याशिवाय पुढे जाऊ नये.

फिल्म केवळ रुग्णाच्या प्लॅनसाठी वापरतात असे नाही. रुग्णाच्या अंगावर जो उजेडाचा चौकोन पडतो, तोच चौकोन न दिसणाऱ्या किरणांचाही आहे का, हे पाहण्याची एक जुनी आणि मोठी लोभस युक्ती आहे. फिल्म टेबलावर ठेवायची, उजेडाच्या कडांवर टाचणीने भोके पाडायची आणि मग किरणे सोडायची. गडद चौकोनाची कड आणि टाचणीची भोके यांत दोन मिलिमीटरपेक्षा जास्त अंतर नको. दुसरी चाचणी चांदणीची. किरणांची बारीक चीर करून वेगवेगळ्या कोनांतून एकाच फिल्मवर सोडली की चांदणी उमटते. तिच्या सगळ्या रेषा एक मिलिमीटर त्रिज्येच्या वर्तुळात एकमेकींना छेदल्या, तर यंत्र ज्या बिंदूभोवती फिरते तो बिंदू जागेवर आहे असे समजायचे. पट्ट्यांच्या तपासणीसाठी फिल्मवर कुंपणासारख्या उभ्या रेघा काढतात. एखादी पट्टी आळशी असेल तर त्या जागी रेघ मोडलेली दिसते. लाखो रुपयांची उपकरणे असलेल्या खोलीत टाचणी आणि फिल्मचा तुकडा अजून टिकून आहेत, याचे मला फार समाधान वाटते.

तपासणी राहिली तर काय होते, याचे एक उदाहरण सांगणे भाग आहे. घाबरवण्यासाठी सांगत नाही; पण जोर लावण्याचा विचार करणाऱ्याने ते ऐकलेले बरे. मार्च २००५ मध्ये न्यूयॉर्कमधील एका रुग्णालयात जिभेच्या मुळाशी कर्करोग असलेल्या एका रुग्णाचा प्लॅन बदलण्यात आला. नवा प्लॅन संगणकात साठवताना संगणक अडखळला आणि पट्ट्यांविषयीच्या सूचना साठवल्याच गेल्या नाहीत. उपचार मात्र सुरू झाला. तीन दिवस पट्ट्या सताड उघड्या राहिल्या आणि मान-मेंदूच्या मोठ्या भागावर ठरवलेल्या मात्रेच्या कित्येक पट किरणे पडली. नव्या प्लॅनची चाचणी तिसऱ्या सत्रानंतर घेण्यात आली आणि तेव्हा पट्ट्या उघड्या असल्याचे लक्षात आले. रुग्ण २००७ मध्ये दगावला. ती चाचणी पहिल्या सत्राआधी झाली असती तर पहिल्याच दिवशी चूक उघडी पडली असती. उपचाराच्या मध्यावर आपल्या रुग्णाचा प्लॅन बदलला आणि पुन्हा एक दिवस थांबायला सांगितले, तर त्यामागचे कारण हेच असते.

आता याची दुसरी बाजू. हा लेख वाचून कोणी रुग्णालयात जाऊन ‘फिल्म दाखवा’ असा आग्रह धरू नये. फिल्म महाग असते, एकदाच वापरता येते आणि वाचायला वेळखाऊ. म्हणून बऱ्याच ठिकाणी रोजच्या प्लॅनसाठी शेकडो सूक्ष्म मोजणीयंत्रे ओळीने बसवलेले फलक किंवा मशीनलाच जोडलेला चित्रफलक वापरतात. उत्तर काही मिनिटांत मिळते. तेही पूर्णपणे योग्य आहे. मोजणीयंत्रांच्या दोन बिंदूंत काही मिलिमीटरचे अंतर राहते, फिल्ममध्ये ते राहत नाही. म्हणून मेंदूतील छोटी गाठ किंवा मणक्यालगतची जागा असे बारीक काम असेल तेथे फिल्मचे महत्त्व अजून कमी झालेले नाही. मात्रेचा मूळ आकडा तर आयनीकरण कक्ष नावाच्या उपकरणाने मोजतात. त्या उपकरणाच्या अचूकतेचा धागा भाभा अणुसंशोधन केंद्रातील राष्ट्रीय मानकापर्यंत पोहोचलेला असतो. तेच केंद्र टपालाने लहान कुप्या पाठवून देशभरातील किरणोपचार यंत्रांची पडताळणीही करते : रुग्णालयाने त्यांवर ठरलेली मात्रा द्यायची, कुप्या परत पाठवायच्या, आणि प्रत्यक्ष किती पडली ते केंद्र स्वतंत्रपणे मोजते. या सर्वांवर १९८३ मध्ये स्थापन झालेल्या अणुऊर्जा नियामक मंडळाची देखरेख असते. त्याच्या परवान्याविना किरणोपचाराचे यंत्र चालवता येत नाही. कुटुंबाने विचारायचा प्रश्न साधा आहे : ‘आमच्या प्लॅनची मशीनवर तपासणी झाली का, आणि ती ठीक आली का?’ हा प्रश्न नम्रपणे विचारल्यास कोणताही चांगला डॉक्टर दुखावला जाणार नाही.

फिल्मला मर्यादा आहेत, आणि सांभाळ करणाऱ्या माणसांच्या दृष्टीने लेखातील हाच भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. फिल्म एवढेच सांगते की, प्लॅनमध्ये लिहिले तेच मशीनने दिले. प्लॅनच चुकीच्या आकड्यांवर बेतलेला असेल, तर ती चूक तिच्या नजरेला पडेलच असे नाही. पनामा देशात २००० ते २००१ या काळात २८ रुग्णांना जादा मात्रा गेली. यंत्र निर्दोष होते, संगणकात माहिती भरण्याची पद्धत चुकली होती. यासाठी आकडेमोड दुसऱ्या मार्गाने स्वतंत्रपणे ताडून पाहतात. ते काम रुग्णालयाचे.

फिल्मला आणखी एक गोष्ट कळत नाही, ती मात्र घरच्यांना कळते. ठोकळा प्लास्टिकचा असतो. सात आठवड्यांत तो वाळत नाही. सासरे वाळतात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तोंड आलेले असते, घास गिळवत नाही, वजन उतरते, गाल बसतात. पहिल्या दिवशी चेहऱ्यावर घट्ट बसणारा मास्क मग सैल होतो आणि त्याच्या आत मान थोडी इकडे तिकडे हलू शकते. मशीन तेच, प्लॅन तोच, फिल्मची साक्षही खरी. माणूस मात्र जागेवरून हललेला. वृद्ध रुग्ण हे आपणहून बोलून दाखवत नाहीत. ‘उगाच त्यांना त्रास कशाला’ हे आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांचे पालुपद असते. म्हणून दर सोमवारी त्याच काट्यावर वजन करून वहीत लिहावे. मास्क सैल वाटतो का, हे आठवड्यातून एकदा मुद्दाम विचारावे. वजन भराभर उतरत असेल किंवा मास्क हलत असेल, तर त्याच दिवशी टेक्निशियनला आणि डॉक्टरांना सांगावे. गरज वाटल्यास ते नवा स्कॅन, नवा मास्क, नवा प्लॅन करतात, आणि नव्या प्लॅनची तपासणीही नव्याने होते. स्कॅनच्या दिवशी दाढी होती आणि मध्येच ती काढली, किंवा कवळी त्या दिवशी काढून ठेवली होती आणि आता घालून झोपतात, अशा बारीकसारीक गोष्टीही सांगण्यासारख्या असतात. अंगावरच्या खुणा पुसल्या गेल्या तर घरी पेनने पुन्हा काढू नयेत.

पत्रात त्या सूनबाईंनी ओशाळून एक शंका विचारली आहे : शेक घेऊन आलेल्या आजोबांच्या मांडीवर दोन वर्षांच्या नातीला बसू द्यावे का? खुशाल बसू द्यावे. किरणे घेतलेली फिल्म फिजिसिस्ट हातात धरून स्कॅनरपर्यंत नेतो. तिच्यात किरणे उरलेली नसतात. आजोबांच्या अंगातही ती उरत नाहीत. मशीन थांबले की किरणे संपली. अपवाद आहे तो थायरॉइडच्या काही रुग्णांना पोटातून देतात त्या किरणोत्सारी आयोडीनचा. तेथे काही दिवस लहान मुलांपासून व गर्भवतींपासून दूर राहावे लागते आणि रुग्णालय तसे लेखी सांगते.

उपचार चालू असताना एखाद्या दिवशी ‘मशीन बंद आहे’ असे ऐकायला मिळेल, विशेषतः उन्हाळ्यात. लिनॅकला अखंड वीज आणि सतत गारवा लागतो. बिघाड दुरुस्त झाल्यावरही मोजमाप पुन्हा पडताळल्याशिवाय रुग्ण घेत नाहीत, आणि घेऊही नयेत. मात्र डोके-मानेच्या आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगात उपचार लांबणे चांगले नसते. तेव्हा गेलेले दिवस कसे भरून काढणार, हे अवश्य विचारावे. काही वेळा शनिवारी सत्र घेतात, काही वेळा एकाच दिवशी दोन सत्रे घेतात. दोन असतील तर त्यांत निदान सहा तासांचे अंतर ठेवतात. शेतीची कामे, लग्नकार्य, सण यांसाठी आपल्या बाजूने सत्र चुकवणे मात्र टाळलेच पाहिजे. पेरणी गड्याकडून किंवा भावकीतल्या कोणाकडून करून घेता येते.

तपासणीच्या फिल्म आणि त्यांचे अहवाल रुग्णालयाच्या दप्तरी राहतात. ते घरी आणून उपयोग नसतो. घरी असावा तो उपचार संपल्यावर मिळणारा सारांश. त्यात शरीराच्या कोणत्या भागाला, एकूण किती ग्रे, किती सत्रांत आणि कोणत्या तारखांना दिले, हे असावे. नसेल तर लिहून मागावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून उपचार झाला असेल, तरीही तो मागण्याचा आपल्याला हक्क आहे. त्याच्या दोन झेरॉक्स काढून एक रेशनकार्डाच्या पिशवीत आणि एक मुलाकडे किंवा मुलीकडे ठेवावी. पुढे आठ-दहा वर्षांनी त्याच भागाला पुन्हा किरणोपचाराची वेळ आली, तर डॉक्टरांचा पहिला प्रश्न त्या कागदाचा असतो.